बेसमेंटमधला तंबू

ओकव्हिल, शनिवार, मार्च २०१७

युटाच्या कॅनियनमध्ये एक रात्र राहायचं परमिट आलं, दोघांचं. जोसेफच्या बायपासला दीड वर्ष झालं, डॉक्टरही हो म्हणाले, तरी माझाच जीव धास्तावतो. तिथे पाण्याचा थेंब नाही. सोळा लिटर पाठीवर न्यायचं, आणि नवऱ्याला किती उचलू द्यायचं?

जेवणानंतर त्याने बेसमेंटमध्ये तंबू लावून पाहिला. मी पुन्हा पाण्याचंच काढलं.

"आधी आत तर ये," तो म्हणाला.

दिवा घालवून शेजारी आडवी झाले. तो हळू आवाजात सांगत राहिला. दोन्हीकडे लाल कडे, मधे आकाशाची एवढीशी पट्टी, आणि इतकं शांत की... खरंच, कार्पेटखाली मला कोमट वाळू लागायला लागली. पाण्यातलं दहा लिटर मी घेईन, मनात ठरलंसुद्धा.

मग म्हणाला, "ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मी हेच डोळ्यांसमोर आणलं होतं. तू बाजूला होतीस."

दीड वर्षात हे कधी बोलला नव्हता. का नाही बोलला? मी नुसता त्याचा हात धरला.

जिन्यावरून आमच्या लेकीने, रियाने हाक मारली, "ममा? व्हेअर आर यू गाइज?"

दोघांपैकी कोणीच ओ दिली नाही.