डाव्या हाताची चाल

थळ, ४ ऑगस्ट २०२४

ती. कोकिळाआत्यास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, त्यामुळे तुझ्या भाचीचं अक्षर मात्र सुधारत चाललंय.

पप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा पियानो मी विकणार होते, पण मे महिन्यात एका दुपारी सहज झाकण उघडलं आणि तेव्हापासून रोज शिकतेय. एवढी वर्षं कधी वाटलं नाही, आताच का वाटलं कोण जाणे. बोटीवरच्या बँडमध्ये वाजवताना त्यांनी जी वही लिहिली, तू पाहिलीयस ती, तीत ब्लूजचे नऊ लिक आहेत. लिक म्हणजे आपल्या तानेसारखा छोटा तुकडा, लगेच नाक मुरडू नकोस. डावा हात एकच चाल चालत राहतो आणि उजव्याने त्यावर खोड्या काढायच्या. काळ्या पट्टीवरून पांढरीवर बोट घसरवायचं असतं, तिथे पप्पांनी लिहिलंय, 'ओल्या चिऱ्यावरून पाय जातो तसं.' मी तिसऱ्यावर अडकलेय.

अलिबागला लॅबमधली नोकरी ठीक चाललीय. सकाळभर लोकांचं रक्त काढते आणि चारला घरी येऊन वाजवत बसते. गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहे तशी राहू दे.

तुझी,
दिपाली

पाली, ११ ऑगस्ट २०२४

चि. दिपाली हिस,
अनेक उ. आ.

गुडघ्याचं विचारू नकोस, तो माझ्याहून हट्टी आहे. शेजारची क्रांती दुपारी भाजी निवडायला येते, माझ्याशी तासभर बोलते आणि मी मान हलवते. अकरा वर्षं झाली कान गेल्याला, अजून तिच्या लक्षात नाही.

तू शिकतेस हे वाचून बरं वाटलं आणि जरा धस्सही झालं. तुझा बाप चांगदेव सात वर्षांचा असताना देवळातली पेटी वाजवायचा. त्याला दोन्ही हात सुरांवर लागत, म्हणून मी मागे बसून भाता हलवायचे. लोक म्हणत, पोरगा काय वाजवतो. भात्याचं कोणी नाव काढलं नाही. पुढे तो बोटीवर गेला आणि तिथे काय वाजवायचा ते मी कधी ऐकलं नाही. तो कायमचा घरी परतला तोवर माझे कान गेले होते.

नीट जेव. तब्येत सांभाळून मग काय ती खोडी काढ. आठवण ठेव.

तुझी आत्या

थळ, १ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला सोडून हे कोणाला लिहिणार? हसणार नसशील तर वाच.

मागच्या सोमवारी मी पाचवा लिक फक्त उजव्या हाताने घोकत होते. डावा हात मांडीवर होता. मध्येच खालची चाल सुरू झाली. मी पाहिलं तर माझाच हात पट्ट्यांवर गेला होता आणि चालत होता. ती चाल मी अजून शिकलेलीही नाही, आत्या. चौथं बोट किंचित वर उचललेलं, पप्पांचं असायचं तसं. लहानपणी ते सुट्टीवर आले की मी त्यांच्या उजवीकडे बसून वरच्या पट्ट्या बडवायचे आणि ते खालची चाल धरायचे, तेव्हा त्या बोटाकडे बघत बसायचे मी.

आता रोज चारला तसंच होतं. खरं सांगते, पहिले काही दिवस मला भीती वाटली नाही, सुखच वाटलं. सातवा लिकही आला. गावातली कोळीण नीराबाई कालवं घेऊन आली होती, तिने विचारलं की दुपारचा पाव्हना कोन येतो तुझ्याकरं, दोगां मिलून बरा वाजवताव. घरात मी एकटीच होते. तिला चहा दिला आणि विषय बदलला.

हात नंतर बराच वेळ गार राहतो. उत्तर लवकर धाड. जीव लावतेस तसा लावत राहा.

दिपाली

पाली, ८ सप्टेंबर २०२४

चि. दिपाली हिस,
अनेक उ. आ.

हसले नाही. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, ती आज सांगते.

चांगदेवच्या दहाव्याला तू घरी तापाने पडली होतीस. किनाऱ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मासळी वाळवायच्या काठीवर बसून बघत राहिला. तुझ्या चुलतभावाने, निकेतने, हात जोडून सांगितलं की काका, घर विकणार नाही. कोणी म्हणालं दिपालीचं लग्न लावू. कावळा हलेना. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. मला ते बघवेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, चांगदेवा, दिपाली तुझ्याबरोबर वाजवेल, तुझी वही पुरी करील. शब्द तोंडातून निघाले आणि कावळा पिंडावर उतरला.

तुला न विचारता तुझ्या वतीने बोलले. सगळेच अशा वेळी काहीबाही बोलतात, पण ज्याला दिलं तो ते धरून बसला. माझं चुकलं, पोरी. आता एकच सुचतं, नववा लिक पुरा करून टाक. वही संपली की त्याचं मन निघेल.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

आत्या

थळ, २२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

रागावले होते, दोन दिवस. आता रागावायलाही उसंत नाही.

आठ लिक झाले. नववा होत नाही आणि होणारही नाही. त्यात शेवटच्या दोन घरांत, म्हणजे मात्रांच्या दोन खंडांत, दोन्ही हात एकदम खाली उतरतात. माझा डावा हात माझ्या ताब्यात नसेल तर तो उजव्याशी जुळणार कसा? मी थांबले की तो थांबत नाही, पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होतो. काल सहा वाजेपर्यंत उठता आलं नाही.

आता दिवसाही हात बधिर असतो. रक्त काढताना शीर डाव्या हाताने ताणून धरायची असते. शुक्रवारी ती सुटली आणि एका म्हाताऱ्या बाईंना तीनदा टोचावं लागलं. साहेबांनी सांगितलंय की दसऱ्यापर्यंत हात सुधारला नाही तर दुसरी मुलगी बघतील. डॉक्टर म्हणतात नसा ठीक आहेत, दोष कुठेच नाही. पियानोला कुलूप लावलं तर चारला बोटं जेवणाच्या टेबलावर चालू लागली.

पप्पांवर माझं फार प्रेम आहे, आत्या. पण हात माझा आहे आणि तो मला हवाय. काहीतरी कर.

दिपाली

थळ, ९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू काय केलंस? सर्वपित्री अमावास्येला सुट्टी होती, चार वाजायची वाट बघत घाबरून बसले होते. चार वाजले आणि डाव्या हातात मुंग्या आल्या, मग ऊब आली. हात मांडीवरून हलला नाही. मीच रडले, आणि रडू सुटकेचं होतं की दुसरं कशाचं ते मला अजून कळत नाही.

लॅबमध्ये आता सगळं सुरळीत आहे. परवा पियानो उघडला. माझा डावा हात ठार अडाणी निघाला, चार पावलंसुद्धा नीट चालेना. पहिल्या लिकपासून पुन्हा सुरू केलंय, यावेळी स्वतःच्या दोन हातांनी.

मी लिहून पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. काळजी वाटते, दोन ओळी तरी लिही.

तुझीच,
दिपाली

पाली, १५ ऑक्टोबर २०२४

चि. दिपाली हिस,
अनेक उ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण कागद दाबून धरायला दुसरा हात मोकळा नसतो. आता वरवंटा ठेवून लिहिते.

अमावास्येला अंबा नदीवर पान ठेवलं. चांगदेवच्या आवडीची वालाची भाजी केली होती. म्हटलं, वचन मी दिलं, तेव्हा फेडायचंही मीच. पोरीचा हात सोड, माझा घे, भाता हलवायची सवय आहे त्याला. एरवी कावळ्याची तासभर वाट बघावी लागते. तो मी वाक्य पुरं करायच्या आत आला.

दुसऱ्या दिवशी चारला पोळ्या लाटत होते. डावा हात पोळपाटावर चालू लागला, चौथं बोट वर. आणि दिपाली, मला ऐकू आलं. क्रांतीचं बोलणं नाही, कुकरची शिटी नाही, फक्त ती चाल, देवळाबाहेर चपलांची रांग लागलेली असताना चांगदेव पेटी वाजवायचा तशी स्पष्ट. अकरा वर्षांनी पहिला आवाज माझ्या भावाचा. पोळी करपली ती करपू दिली.

तू येशील आणि उजव्या हाताचं शिकवते म्हणशील, म्हणून आत्ताच सांगते, मला ते शिकायचं नाही. वही पुरी झाली की तो जाईल. वचन मी फेडीन असं म्हटलंय, पण कधी फेडीन ते बोललेच नाही. लहानपणी तो मला असाच फसवायचा, आता माझी पाळी.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. तो कावळा रोज चारला स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसतो. घास टाकला तर खात नाही, हाकलला तर जात नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघत राहतो. मी तो पदराखाली ठेवते.

दिवाळीला ये, पण फोन करू नकोस, मला बाकी काही ऐकू येत नाही. पत्र लिहीत जा आणि या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी आत्या