पुढच्या गाडीचा धूर

प्रिय दादा,

हे पत्र रिस्तेन तुला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी तिच्याशीच दोन शब्द. पोरी, बापाला जे लिहिलंय ते सगळं वाच. मधली ओळ गाळू नकोस, आणि तो "पुरे" म्हणाला तरी थांबू नकोस. फोनवर तो "बरं" म्हणतो आणि फोन ठेवून देतो. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून तर लिहायला बसलोय. आणि शिव्या आल्या तर शिव्याही वाच, त्या त्याच्याकडूनच शिकलोय.

दादा, साखरेने तुझे डोळे नेले आणि तू खाली किनाऱ्यावर लेकीकडे राहायला गेलास, त्याला आता एक हिवाळा होत आला. इकडे पठारावर बर्फ भरपूर आहे, पण खाली बर्फाचा कडक थर धरलेला नाही, त्यामुळे रेनडिअर खुराने उकरून शेवाळ खातायत. माद्या पोटाने जड दिसतात. कळपाचा आपला पांढऱ्या कपाळाचा पुढारी अजून जिवंत आहे आणि अजून तितकाच आगाऊ आहे. मुस्ते रात्री तुझ्या बाकड्याखालीच झोपतो. मी हाक मारली की डोळा उघडून बघतो, मी आहे म्हटल्यावर परत मिटतो. कुत्र्याने एवढा तरी मान ठेवावा माणसाचा.

तुला वाटत असेल नीलास मजेत असेल, आता त्याच्या डोक्याशी कटकट करणारं कोणी नाही. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. सुकं मांस मी हवं तेवढं जाड कापतो, कॉफी हवी तेवढी कडू करतो, झोपडीत घोरण्याचा आवाज नाही. पण गेल्या आठवड्यात गावात गेलो आणि दुकानदार ओड्वारने काय हवंय विचारलं, तर तोंडातून आवाजच निघेना. घसा खाकरून बोलावं लागलं. किती दिवस मी माणसाशी बोललो नव्हतो ते तेव्हा लक्षात आलं. एकटं वाटतं, दादा. हे तोंडावर तुला कधी सांगितलं नसतं.

तुझा निरोप मिळाला आहे. माझी स्नोमोबिल विकून टाक, माझी जनावरं आयलोच्या कळपात घाल, आणि तूही त्याच्याबरोबरच जा, असं तू कळवलंस. आयलो चुलतभाऊ आहे, माणूस वाईट नाही. परवा येऊन म्हणाला, बर्फ मऊ व्हायच्या आत काय ते सांग. त्याचंही बरोबर आहे. पाडसं जन्मायच्या आधी कळप किनाऱ्याला पोचायला हवा, आणि एका माणसाने कळप हलत नाही. पुढे एक बर्फावरची गाडी लागते, मागे एक लागते. मागे कोणी नसेल तर मला आयलोच्या कळपात पाहुणा होऊन राहावं लागेल. या वयात दुसऱ्याच्या चुलीशी बसून तो देईल ते मांस खायचं. कानावर आपल्या बापाची खूण कापलेली असली तरी आपली जनावरं त्याच्या जनावरांत मिसळली की ती परत वेगळी निघायची नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तर मी दुकानात गेलो होतो ते गाडीत पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल आणायला. आता नीट बसून ऐक. तुझ्या ऑइलचा लाल डबा बंद झाला. ओड्वार म्हणतो, बनवणाऱ्यांनीच बंद केला, तो घेणारे तुझ्यासारखे दोन-चारच उरले होते. मी त्याला म्हटलं, हे दादाला तू सांग. तो म्हणाला, मला अजून दुकान चालवायचंय.

ऑइलच्या फळीसमोर मी इतका वेळ उभा होतो की ओड्वारने मला स्टूल आणून दिलं. आपण दोघं असतो तर कसं झालं असतं? तू म्हणाला असतास, ऑइल म्हणजे ऑइल, गाडीला काय कळतंय. मी म्हणालो असतो, कडाक्याच्या थंडीत तुझं ऑइल काकवीसारखं होतं, झडपेवर काजळी धरते, माझं सिंथेटिक ऑइल मात्र पाण्यासारखं वाहतं. मग तू म्हणाला असतास की पाण्यासारखं वाहतं तर पाणीच घाल. मग मी तुला त्या बोटीच्या ऑइलची आठवण करून दिली असती. उन्हाळ्यात किनाऱ्यावर बोटीला वापरलेला डबा गाडीमागे ओढायच्या स्लेजमध्ये तसाच राहिला होता, आणि ऐन थंडीत तू तो गाडीत ओतलास. पठाराच्या मधोमध इंजिन जाम झालं. तरी तू शेवटपर्यंत म्हणत होतास की ऑइल चांगलं होतं, इंजिनच नाजूक निघालं. त्या दिवशी मी तुला ओढून आणलं. आता माझं इंजिन जाम झालं तर ओढून आणायला कोणी नाही. एकट्या माणसाने थंडीत न गोठणारं ऑइलच घ्यावं, यात वादच नाही. वाद घालायला तू नव्हतास म्हणूनच बहुधा मला ठरवता येईना.

कारण दुसरी गोष्टही माझ्या डोक्यात होती. मी पहिल्यांदा सिंथेटिक घातलं तो वसंत तुला आठवतो. मी पुढे, मध्ये कळप, तू मागे. वारा समोरून होता. बघता बघता आभाळ आणि जमीन एक झाली, पुढचं शिंग दिसेना. तसल्या पांढऱ्यात तू दरवर्षी माझ्या धुराच्या वासावर यायचास. नाक वर करून, डोळे चक्क मिटून, कारण उघडे ठेवले की चक्कर येते म्हणायचास. त्या वर्षी सिंथेटिकमुळे माझ्या गाडीला धूरच नव्हता. निवळल्यावर मी मागे शोधत आलो तर तू गाडीवर बसून निवांत मांस खात होतास. वर मलाच म्हणालास, "तुझ्या गाडीला कसलाच वास नाही, तर मी कोणाच्या मागे येऊ?"

तेव्हापासून आपला तह ठरला. वर्षभर माझं सिंथेटिक, पण वसंतात निघताना पुढच्या गाडीची ऑइलची टाकी रिकामी करून तुझा लाल डबा. दरवर्षी मी टाकी धुवायचो आणि तू बाजूला उभा राहून हसायचास. दोन जातींची ऑइलं मिसळली की गाळ धरतात, हे तुला कधीच पटलं नाही.

आता लाल डबा नाही. फळीवर आहेत ती सगळी बिनधुराची, बिनवासाची. मी उठणार इतक्यात ओड्वारने खालच्या कप्प्यातून एक डबा काढला. शर्यतीवाली पोरं नेतात, म्हणाला. पूर्ण सिंथेटिक, कितीही थंडीत वाहतं, पण धुराला स्ट्रॉबेरीचा वास येतो. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. मला विचारतो, "नीलास, या वयात कोणाला भुलवायचंय?"

मी तो डबा घेतला, दादा. घरी येऊन टाकी धुतली, तो भरला आणि अंगणात गाडी चालू केली. मुस्ते शिंकत झोपडीमागे पळाला. पुढारी कुंपणापाशी आला, नाक वर करून बराच वेळ उभा राहिला, मग त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला बापाची आठवण झाली. पण वास लांबवर जातो. गाडी चालूच ठेवून मी वारा वाहत होता त्या दिशेने गोठलेल्या तळ्याच्या पलीकडे चालत गेलो, डोळे मिटले आणि तिथून परत फिरलो. थेट गाडीला येऊन धडकलो. गुडघा अजून दुखतोय.

त्यानंतर तुझी गाडी बाहेर काढली. विकायला नाही. तुझी टाकीही धुतली, काजळी खरवडून काढली, आणि तिच्यात अगदी बिनवासाचं सिंथेटिक घातलं. चिडू नकोस. मागच्या गाडीचा स्वतःचा धूर असला तर पुढचा वास कसा कळणार?

रिस्तेन, आता खोकायला लागू नकोस, पाणी पी आणि पुढे वाच. हे तुलाच मोठ्याने वाचायचं आहे. दादा, तुझ्या लेकीने तुझ्यापासून लपून, मासळीच्या कारखान्यातून मला फोन केला होता. म्हणाली, "काका, बाबांची गाडी विकू नकोस. मी चालवीन, पण त्यांना सांगायची हिंमत होत नाही. आणि पांढरं झालं तर मला काहीच दिसणार नाही." गाडी ती चांगली चालवते, तूच शिकवलंयस. पांढऱ्यात मात्र तिला सोबत लागेल. तू मला सांगितलं होतंस की तुला पोत्यासारखं स्लेजमध्ये बसायचं नाही. बसू नकोस. तिच्या मागे सीटवर बस, तिच्या खांद्यावर हात ठेव, आणि पांढरं झालं की नाक वर करून तिला डावं-उजवं सांग. तसल्या वेळी तिथे तुझ्याइतकं कोणालाच दिसत नाही. पुढे स्ट्रॉबेरीचा वास येईल, तो मी. आयलोला मी अजून काही कळवलेलं नाही. यायचं असेल तर जास्त बोलू नकोस. फोन कर, "बरं" म्हण, आणि नेहमीसारखा ठेवून दे.

तुझाच,
नीलास