डाव्या पायाचा आकडा

अंजूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय कल्पेश,

आक्काला नमस्कार सांग. तुझ्या हाताची झोळी निघाली असं आमची दिशा म्हणाली, बरं वाटलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय. वाच, नाहीतर चुलीत घाल.

आधी तुझ्या आवडीची बातमी. माझ्या सायकलच्या पायडलच्या दांड्यातला पॉवर मीटर पुन्हा बंद पडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तू दुकानातच म्हणाला होतास. घेताना मी नुसती किंमत बघितली. दर महिन्याला त्यात नवा सेल घालावा लागतो, ते कोणी बोललं नाही. खाडीच्या दमट हवेनं सेलच्या झाकणाचं रबर गेलं, तर झाकण सुटं मिळत नाही म्हणे, आख्खा दांडा घ्या. तो दांडा दुसऱ्या सायकलला बसत नाही, म्हणून दोन वर्षं सायकल बदलता आली नाही. ॲपची वर्गणी वेगळीच. पायाचा जोर मोजायला एवढा खटाटोप, असं बाबा रोज ऐकवतात. पायडल मी मारायचं आणि लाडही त्याचेच करायचे. डोकं फिरलंय माझं.

तू म्हणाला होतास, "दोन्ही बाजूंचा घे, न्हाय तर घेऊच नको." मी स्वस्तातला घेतला. तो फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. दोन्ही पाय सारखेच, त्यात काय, असं मला वाटलं. काल ठाण्याच्या दुकानात दोन्ही पाय मोजणाऱ्या यंत्रावर बसलो. माझा आकडा दोनशे चाळीस वॅट, अशी माझी समजूत. आला दोनशे पाच. दुकानदार हसला, "भाई, आपका राइट पैर तो आराम कर रहा है." कबड्डीत गेलेला गुडघा. तेव्हा मैदानातून मला पाठीवर घेऊन तूच धावला होतास, आणि मी विसरलो.

ते दोनशे चाळीस कधी आले होते, तुला माहीत आहे. नोव्हेंबरात, पूर्णा गावच्या गोदामांच्या रस्त्यावर. वीस मिनिटं न थांबता पूर्ण जोर लावायची चाचणी होती, मध्ये थांबलं की सगळं फुकट. सतराव्या मिनिटाला गोदामाबाहेर पडलेली पॅकिंगची पट्टी तुझ्या चाकात गुंतली आणि तू पडलास. मी वळून आलो तेव्हा वॉचमन तुला रिक्षात बसवत होता. हॉस्पिटलात तू एकदाच विचारलंस, "हाक ऐकली न्हाय काय रं?"

मी म्हणालो, वारा होता. गावातही सगळ्यांना तेच सांगत आलो.

वारा नव्हता, कल्पेश. "प्रित्या, थांब रं," हे मला स्वच्छ ऐकू आलं. मी खाली हँडलवरच्या पडद्याकडे बघितलं. आकडा टिकला होता, तीन मिनिटं उरली होती, म्हणून थांबलो नाही. आकडा खोटा निघाला म्हणून हे लिहीत नाहीये. खरा असता तरी मला तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं. दोन महिने यंत्रावर चिडतोय, कारण माझ्यावर चिडायची लाज वाटत होती.

दांडा काढून जुना बसवलाय. येत्या रविवारी सहाला तुझ्या दारात येतो. सायकल नको, खाडीपर्यंत चालत जाऊ. दार उघडायचं की नाही, तू ठरव.

तुझी हाक ऐकलेला,
प्रितेश