अथेन्सचे सहा तांडेल

मोरा,
८ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस हिरामनदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन बंद ठेवलाय. उचलला की शिव्या येतात. म्हनून हा कागद. सातवीनंतर एवडं मोठं पयल्यांदाच लिवतोय, तवा कॉलेजच्या बाईंनी लाल पेन लांब ठेवावा.

गावच्या बैठकीत तू मागच्या रांगेत बसलेलीस. मला बोलू दिलं नाय, पन बघू तर दिलं. दर्यात मानसं टाकून आलेल्या हिरामन तांडेलाच्या बोटीवर गावातल्या कुनी चढायचं नाय, त्याची मासळी कुनी घ्यायची नाय, पटत असंल त्यानं हात वर करा, असं पंचांनी म्हटल्यावर तुजा हात वर गेला. मी ते मनाला लावून घेतलं नाय. दिपेशला जाऊन महिना झाला नवता. नवरा दर्यात गेलेली बाई दुसरं काय करनार.

चारही खलाशी सोडून गेले. तुज्या जागृतीवहिनीची मासळीची पाटी बाजारातून भरलेलीच परत येते. ती रडत नाय, घासलेली भांडी परत घासत बसते. भाऊबीजेला मी निगालो होतो. कामोठ्याला तुज्या बिल्डिंगखाली पोचलो, थोडा उभा राहिलो आनि फिरलो.

लेकीला, ईश्वरीला जवळ घे. माज्याबद्दल वाटंल ते वाटू दे, पन येळेवर जेवत जा.

तुजा दादा,
हिरामन


कामोठे,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चुका काढल्या नाहीत.

मला एकच गोष्ट समजून घ्यायचीय. चौदा ऑक्टोबरला तुझी आणि दिपेशची अशा दोन्ही बोटी बरोबर निघाल्या. दोन्हींवर मिळून नऊ माणसं. वाऱ्यात दिपेशची बोट उलटली, त्याचे दोन खलाशी पोहत तुझ्या बोटीवर चढले, आणि तुम्ही सात जण धक्क्याला लागलात. दिपेश आणि त्याच्या बोटीवरचा गोजराकाकूंचा मुलगा मागे राहिले. काकूंचा मुलगा तिसऱ्या दिवशी करंजाच्या किनाऱ्याला मिळाला. त्यांना निदान त्याचं तोंड बघता आलं. मी दर्भाचा माणूस जाळला, दादा. यालाच दिपेश समजा असं भटजी म्हणाले. मला समजता आलं नाही.

पाण्यावर कोणी दिसलं नाही, असं तू पोलिसांना सांगितलंस. बोट फिरवून बघितली होतीस का? तेवढंच लिही.

मी कॉलेजात परत जायला लागलेय. दुसऱ्या वर्षाला ग्रीक नगरराज्यं शिकवते. अथेन्स आणि स्पार्टा सत्तावीस वर्षं एकमेकांना संपवत होती. फळ्यावर सनावळ्या लिहिताना मुलांकडे पाठ असते, तेवढाच वेळ बरा जातो.

वहिनीला नमस्कार. लोभाचं आज काही लिहिता येत नाही.

उन्नती


कामोठे,
४ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. काल वर्गात एक गोष्ट झाली.

त्याच युद्धातली समुद्रातली एक लढाई शिकवत होते. अथेन्सकडे माणसं उरली नव्हती, म्हणून त्यांनी देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या, गुलामांना नागरिक करू असं सांगून वल्ह्यांवर बसवलं आणि स्पार्टाचं आरमार हरवलं. पण त्यांच्याही पंचवीस बोटी गेल्या. पाण्यात नुसते मेलेले नव्हते, फळ्यांना धरून जिवंतही होते. त्यांना काढायचं ठरलं तोवर वादळ उठलं, आणि ती माणसं तिथेच राहिली. जिंकून परत आलेल्या सहा सेनापतींवर, आपल्याकडचे तांडेलच म्हण, शहराने खटला भरला.

करावे गावची सुचित्रा नावाची मुलगी वर्गात आहे. वडील खाडीत जाळी टाकतात. तिने विचारलं की वादळ केवढं होतं हे त्या सभेत कोणी विचारलं का. मी सांगितलं, विचारलं होतं. सुकाणूवरच्या माणसांनी साक्ष दिली, लोकांना पटतही आलं होतं. पण अंधारून आलं, वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून निर्णय पुढे ढकलला. मधल्या दिवसांत घरची माणसं एकत्र जमायचा सण आला. ज्यांचे गेले होते ते काळे कपडे घालून, डोकी भादरून सभेत येऊन बसले. मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. सहाही जणांना एकाच मतदानात मरणाची शिक्षा झाली. हे कायद्यात बसत नाही म्हणणाऱ्या एकट्या माणसाला ओरडून गप्प केलं. पुढे शहर पस्तावलं, तेव्हा सहांतला एकही उरला नव्हता.

एवढं सांगून मी तास तिथेच संपवला. बारा वर्षं मी मुलांना सांगतेय की ते लोक किती मूर्ख होते. डोकी भादरून आलेल्यांकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. या वेळी बघितलं, तर त्यांच्यात मी बसलेली.

पंधरा तारखेला गावात बैठक आहे असं कळलं. मी येतेय. मला जे म्हणायचंय ते सगळ्यांसमोर म्हणेन.

तुझी,
उन्नती


मोरा,
२० डिसेंबर २०२४

चि. उन्नतीस आशीर्वाद.

तू बैठकीत उभी राहिलीस आनि दादाचं न ऐकताच मी हात वर केला होता, तो मागं घेते, असं बोललीस. मग गोजराकाकू उटली, तिनंबी मागं घेतला. तुमा दोघींपुडं बाकीच्यांचं काय चालनार. दुसऱ्या दिवशी जागृतीची पाटी रिकामी आली. दोन खलाशी दारात आले, कदी निगायचं इचारत. मी नाय म्हटलं. बोट विकाला काढली हाय.

तुज्या पत्रात लिवलंय, फळ्यांना धरून जिवंतबी होते. ती ओळ मी परत परत वाचतो. तू माज्यासाटी उभी राहिलीस ती अर्धं ऐकून. आता सगळं ऐक.

मी बोट फिरवली नाय. कोन दिसलं नाय, हे खरं. पन दिपेशचा आवाज आला. दोनदा. दादा म्हनून. लाटांत कुटनं येतो ते कळंना. बोटीत गुडघाभर पानी, इंजिन बंद पडाला आलेलं. त्या वाऱ्यात आडवी केली असती तर सातही जन गेलो असतो. हे मी रोज सवताला सांगतो, आनि ते खोटं नाय. पन आवाजबी खोटा नाय. बाकीच्या सहांनीबी ऐकला असंल. कोनी कोनाकडं बघितलं नाय.

पोलिसांना, पंचांना, जागृतीला, कुनालाच बोललो नाय. तुज्या त्या सहा जनांचं लोकांनी ऐकलं नाय. माजं ऐकलं असतं तरी मी हे बोललो नसतो. एवडाच फरक.

आता तू तोंड फिरवलंस तर मी समजंन. आशीर्वाद मात्र राहतील, ते माज्या हातात हायेत.

हिरामन


कामोठे,
९ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्र वाचून झाल्यावर कितीतरी दिवस मी मनात तुला बुडवत होते. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, सोसायटीत कोणाशी बोलताना. तो आवाज तुला दोनदा आला, मला तेव्हापासून येतोय.

मग काल ईश्वरीच्या शाळेबाहेर उभी असताना मनात आलं, तुझ्या जागी दिपेश असता तर. त्यानेही सात जण आणले असते. तोही घरी येऊन कोणाला काही न सांगता बसला असता. आणि मी त्याच्या बाजूने साऱ्या गावाशी भांडले असते. हे मला कळतंय, दादा. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

पत्र मी जपून ठेवलंय. ते कोणाला दाखवणार नाही. गोजराकाकूंपाशी तू काही बोलू नकोस. त्यांना आता कुठे दोन घास जायला लागलेत. बोटीचं तुझं तू ठरव, मला विचारू नकोस.

एकोणीसला, रविवारी ईश्वरीचा वाढदिवस आहे. मामा येणार का, असं ती तिसऱ्यांदा विचारतेय. वहिनीला घेऊन ये. दिपेशचं नाव मी काढल्याशिवाय काढू नकोस. मला हसून या म्हणता येणार नाही, तुझ्याकडे बघता येईल की नाही तेही सांगता येत नाही. पण दार मी उघडेन. माझा लोभ सध्या तेवढाच समज.

तुझी,
उन्नती