खारघरचं वाण

आई, तुझी ती पिवळ्या फुलांची वेल आठवते? तू विसरली असशील, पण आपली गल्ली आता जन्मभर विसरणार नाही. खारघरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा हॉलच्या दारातल्या बागेतून तू तिची एक काडी मोडलीस आणि कमरेला खोचलीस. वॉचमन धावत आला, "मावशी, काय तोडलंत?" तू त्याच्या तोंडावर सांगितलंस, "देवाला फूल नेते." काडीला फूलच नव्हतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रिक्षात वर मलाच शिकवतेस, "चोरलेलं झाड लगेच लागतं गो." लागलं ना. मोरीच्या पाण्यावर असं माजलं, की मागचं अंगण दिसेनासं झालं.

मग आली संक्रांत. शेजारणी हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या गाळण्या आणि साबणदाण्या लुटत होत्या. तू नाक मुरडलंस. "आमी जिवंत वाण देणार," म्हणालीस, आणि करवंट्यांत माती भरून प्रत्येकीच्या हातात एकेक काडी दिलीस. समोरच्या काकीला सगळ्यात मोठी करवंटी, कारण तुमचं भांडण नुकतंच मिटलं होतं. त्या बायकांनी पुढं आपल्या लेकींना, जावांना दिली. वाण लुटायचं असतं म्हणतात. तुझ्या वाणानं आम्हालाच लुटलं, बघ.

पूर्वी पाऊस गेला की ती निम्मी वाळायची. आता पाऊस जायचं नावच घेत नाही. दिवाळीच्या फराळावर कोसळतो, संक्रांतीला आम्ही पंखे लावून तिळगूळ वाटतो, आणि ही बया बारा महिने हिरवीगार. अंगणातून गटारात उतरली, गटारातून नाल्यात. यंदा भाऊबिजेच्या दुपारी धो धो पडला. नाला हिच्या जाळ्यानं तुंबलेला, पाणी घराघरांत शिरलं. काकीचा चकलीचा डबा तरंगत आपल्या उंबऱ्याला लागला. झाकण घट्ट होतं म्हणून चकल्या वाचल्या.

मग गल्लीची बैठक. नव्या इमारतीतले एक प्राध्यापक उभे राहिले. "हे परदेशी वाण आहे. बागेसाठी आणतात, मग आवरत नाही. त्यात हवा अशी बदललेली. आपल्याकडं हे आणलं कुणी?" अगं, अजून कुणाचं बारसं असो की मयत, "ती असती तर" असं म्हणून तुझंच नाव निघतं इथं. ते नाव आता गटारात जाणार! आणि काकीला ऐकू आलं ते फक्त "वाण". ती ताडकन उठली. "परदेशी कसलं? खारघरचं हाय ते! संक्रांतीचं!"

सगळे वळले. "म्हणजे दिलं कुणी?" काकीनं माझ्याकडं पाहिलं, जीभ चावली. "मीच दिलं. काय म्हननं हाय?" ज्यांना तू करवंट्या दिल्या होत्यास त्यांतल्या दोघी म्हाताऱ्या चपलांकडं बघत बसल्या. मीही बसले. तुझी ती जिवाभावाची मैत्रीण ना गं, तुझ्याऐवजी उभी राहिली.

रविवारी अख्खी गल्ली नाल्यात उतरली. काकी कोयता घेऊन पुढं, आणि तुला शिव्या. "सोता वर जाऊन बसली नि मला कामाला लावलं!" मोरीजवळची, तू स्वतःच्या हातानं लावलेली पहिली वेल मी मुळासकट उपटली. रडले. कुणी विचारलं तर घाम आहे म्हणाले. संक्रांतीला गाळण्या देणार आहे, प्लास्टिकच्या. बस तिकडं नाक मुरडत.

घरी निघताना काकीच्या कमरेला काहीतरी हिरवं दिसलं. "काकी, काय ते?"

"देवाला फूल नेते गो."

फूल नव्हतं, आई. प्राध्यापकांना मी हे सांगितलेलं नाही, आणि हे पत्र कुणाच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. कारण ती काडी नीट झाकली जावी म्हणून काकीचा पदर मीच पुढं ओढून दिला.