सहा उंदीर आणि एक कायम जागा

३ एप्रिल
प्रयोग सुरू. आष्टीच्या कॉलेजात असं संशोधन पहिलंच असावं. पिंजऱ्यात सहा पांढरे उंदीर, पुढे पाण्याचा हौद, हौदापलीकडे खाणं. पोहून जायचं, तोंडात धरून आणायचं. परदेशात उंदरांनी यात आपोआप कामं वाटून घेतली म्हणे. काही आणणारे, काही हिसकावणारे, एखादा स्वतःचं आणून स्वतःच खाणारा. मी स्वभावाने या शेवटच्या प्रकारातला. मे महिन्यात प्राणिशास्त्राच्या कायम जागेची मुलाखत. तासिका तत्त्वावर पुष्कळ वर्षं काढली. हा प्रयोग दाखवला की जागा माझीच.

५ एप्रिल
नळाला पाणी नाही. टँकरच्या पाण्याने हौद मीच भरला. विभागप्रमुख सुंदरराव सर म्हणाले, भरायलाच लागलास तर आमचा माठबी भर. भरला. सोमेश्वरचा कूलरही. तोही तासिकेवरच, पण त्याची कंबर दुखते. उद्यापासून मात्र फक्त निरीक्षण.

११ एप्रिल
शेपट्यांवर मार्करने केलेल्या खुणा पाण्यात पुसल्या गेल्या. हरकत नाही, स्वभावावरून ओळखतो. एकच उंदीर सारखा पोहतो. बाकीचे काठावर बसून त्याच्या तोंडातलं ओढतात. तो पुन्हा पाण्यात. राग नाही, काही नाही. जरा मठ्ठच दिसतो.
पाणी भरलं.

१९ एप्रिल
सरांनी त्यांचे पेपर तपासायला दिले. विश्वासाची कामं माणूस बघूनच देतात. सोमेश्वरने माझी निरीक्षणं वाचायला नेली. बायको म्हणाली, त्याला कावून दिली? उज्ज्वलाला संशोधनातलं कळत नाही. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, असं समजावलं.

२८ एप्रिल
टँकर आला नाही. हौद कोरडा पडला. सहाही उंदीर चालत पलीकडे गेले, आपापलं खाऊन आले. कोणी कोणाचं ओढलं नाही. बराच वेळ बघत उभा राहिलो. शेवटी नोंद केली: पाण्याअभावी प्रयोग बिघडला. टँकरवाल्याला फोन लावला.

९ मे
मुलाखत. समितीला प्यायला पाणी नव्हतं. सर म्हणाले, तू टँकरचं बघ, तुझं नाव आलं की बोलावतो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर थांबलो. माझ्यासाठी मुलाखत म्हणजे उपचारच. टँकर आला, पाणी पोचवलं. संध्याकाळी सर म्हणाले, तुझ्याबद्दल बोललोय मी. बरं वाटलं.

१६ मे
यादी लागली. सोमेश्वर. उंदरांवर लई छान बोलला म्हणे, सरच सांगत होते. वाईट वाटेल म्हणून दुपारभर एकटा बसलो. वाटलं नाही. घरी आल्यावर उज्ज्वलाला म्हणालो, मुलाखतीत मला डावललं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, तुमी आत गेलता कवा?
आठवून पाहिलं. दारापर्यंत गेलो होतो. सरांनी माझ्या हातातला माठ आत घेतला.