थोरला की धाकटा

११ जुलै १९६१, मंगळवार
कुमीला दवाखान्यात ठेवून आज चौथा दिवस. साथीच्या वॉर्डात आईला आत घेत नाहीत. दु. ४ ते ५ व्हरांड्यात उभं राहून जाळीतून बघायचं, बस्स. साडेतीन वर्षांचं पोर. माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय तिला झोप लागत नाही. तिथे कुणाच्या अंगावर टाकत असेल? डावा तर उचलतच नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या पोरांना ताप, तळहाता-तळपायांवर पुटकुळ्या, तोंडात फोड. कुमीलाही. शेजारच्या सरसक्का म्हणाल्या, "अम्मा, म्हणजे देवी, आली म्हणून दिसते. कडुलिंब ठेव उशाशी, निजू दे." तीन दिवस निजू दिलं. शनिवारी सकाळी उठवलं तर उभी राहिली आणि डावीकडे मटकन बसली. मला वाटलं, नखरे. ओरडले तिच्यावर. ते ओरडणं काही केल्या

१२ जुलै
हे कारखान्यातून परस्पर दवाखान्यात आले. दोघांनी जाळी धरली. कुमी म्हणाली, "आई, आत ये." एवढंच. मग घंटा झाली.

१४ जुलै, शुक्रवार
हलला! पाय हलला!

साताऱ्याहून इथे येऊन आठ महिने झाले, माझं कानडी अजून भाजीवालीपुरतंच. एष्टु, स्वल्प, बेडा; किती, थोडं, नको. आज मोठी सिस्टर जाळीपाशी आली. मी कुमीकडे बोट केलं, मग स्वतःचा डावा पाय हलवून दाखवला. "हलला का?" ती हसली. "होय्तु अम्मा, होय्तु." दोनदा म्हणाली. इतकं स्वच्छ मराठी! मी जाळीतूनच तिचा हात धरला.

घरी येऊन शिरा केला, बेदाणे घालून. साताऱ्याला अप्पांना कार्ड टाकलं: नातीचा पाय हलला, गणपतीला नारळ फोडा. ह्यांना फाटकातच सांगितलं. फाटक धरून उभेच राहिले. रडत होते बहुतेक, मी बघितलं नाही.

१५ जुलै, शनिवार
शिऱ्याची वाटी घेऊन सरसक्कांकडे गेले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, बोलतात मराठी, पण निम्मं कानडी. वाटी हातात घेतली, खाल्लं नाही.

"सिस्टर काय म्हणाली? तसंच्या तसं सांग."

सांगितलं.

"अग शांता, होय्तु म्हणजे गेलं म्हणून. होय नव्हे ते."

"काय गेलं?"

"ते तिलाच विचारलं पाहिजे."

चारला माझ्याबरोबर आल्या, सिस्टरशी बोलल्या. ताप. ताप गेला होता. पोरांच्या आया आधी तापाचंच विचारतात, म्हणून तिला वाटलं मीही तेच विचारतेय. पायाचं अजून काही नाही.

मूर्ख मी. एका शब्दावर शिरा केला. परत येताना सरसक्का हात धरून चालत होत्या, मला तेही नको होतं.

कार्ड तर गेलं.

१९ जुलै, बुधवार
डॉक्टर तरुण आहेत, धारवाडकडचे, मराठी बोलतात. देव पावला. कुमीच्या पायाला गरम पाण्यातून पिळलेले घोंगडीचे तुकडे गुंडाळतात. ती किंचाळते आणि मी जाळीबाहेर. हात आत जातो कोपरापर्यंत, खाट तिथून चार हात लांब.

तिच्या शौचाचा नमुना तपासायला पाठवलाय. बाटली बर्फात, बर्फ डब्यात, डबा आगगाडीने परगावच्या प्रयोगशाळेत. कुठला विषाणू आहे ते कळेल म्हणे. माझ्या पोरीची शी आगगाडीने प्रवासाला निघाली आणि मला तिला नुसतं शिवता येत नाही.

२४ जुलै, सोमवार
अप्पांचं पत्र. नारळ फोडला, आळीत पेढे वाटले. "चि. कुमुद आता धावू लागली का?" उत्तर लिहायला दोनदा बसले. "ती. अप्पांना सा. न. वि. वि., होय्तु म्हणजे..." पुढे जाईना.

५ ऑगस्ट, शनिवार
घरी आली!! दिवसभर खाली ठेवली नाही. वास दवाखान्याचा, फिनेलचा. न्हाऊ घातलं तेव्हा माझी कुमी झाली. डावा पाय ओल्या धुण्यासारखा लोंबतो. रोज दोनदा चोळायचा, वाकवायचा, सरळ करायचा, डॉ.नी दाखवलंय.

संध्याकाळी गल्लीत पोरं लगोरी खेळत होती. तीच पोरं, त्याच पुटकुळ्या आल्या होत्या सगळ्यांना. सगळी पळतात. खरं लिहिते, मला त्यांचा राग आला. खिडकी लावली तर कुमी म्हणाली, उघड.

१६ ऑगस्ट, बुधवार
तपासणीचा कागद आला. डॉ.नी दोघांना बसायला सांगितलं.

एक नाही, दोन सापडले. एकाच वेळी. एक पोलिओचा. दुसरा कॉक्सॅकी. मला आधी 'काकू-सखी' ऐकू आलं. अमेरिकेतल्या कुठल्या गावाचं नाव आहे म्हणे. त्या गावाने काय घोडं मारलं होतं? पुटकुळ्या त्या दुसऱ्याच्या. गल्लीतल्या पोरांना बहुधा तोच.

मी विचारलं, "पाय कुणी नेला?"

डॉ. म्हणाले, "बघा की, पोलिओनं गेलं तर बरंचसं तसंच राहतं. त्या दुसऱ्यानंही कधी कधी अशक्तपणा येतो, पण तो बहुतेक भरून येतो."

"मग हा कुणाचा?"

"कागदावरून नाही सांगता येत, बाई. दोघं होते एवढंच कळलं."

"दोघं एकमेकांना मदत करतात का?"

"कधी करतात. कधी एक दुसऱ्याला पाय रोवू देत नाही. आम्हालाच अजून नीट माहीत नाही."

शहाणा माणूस. माहीत नाही म्हणाला. त्याक्षणी मला त्याचं तोंड बघवेना.

१७ ऑगस्ट
मी त्यांना नावं ठेवलीत. पोलिओ थोरला, दुसरा धाकटा. हे म्हणाले, काय पोरकटपणा. असू दे. एका चुलीशी दोन जावा, दूध उतू गेलं. विचारलं की दोघी तोंड फिरवतात. माझं मत धाकटीवर. मला धाकटीच हवीय. एखाद्या रोगाची इतकी आस लागेल असं कधी वाटलं नव्हतं. गल्लीतल्या पोरांचा तो धाकटा, येऊन गेला आणि पोरं पळायला लागली, तोच माझ्या कुमीलाही असू दे. फक्त तोच.

सरसक्का विचारतात, "दोन म्हणजे जास्त वाईट की नाही?" त्यांना कसं सांगू, एकटा थोरलाच सापडला असता तर माझ्याजवळ काहीच उरलं नसतं.

११ सप्टें., सोमवार
आज गुडघ्याखाली उशी ठेवून चोळत होते. म्हटलं, कुमे, मांडी उचल. उचलली! बोटभर. पुन्हा उचल म्हटलं, पुन्हा उचलली. मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा ह्यांना हाक मारली. ह्यांनी चार वेळा उचलायला लावली. पोर दमून रडायला लागलं.

अप्पांना शेवटी पत्र टाकलं. सगळं खरं लिहिलं, होय्तुसकट. आणि खाली: मांडी खरंच हलते, ह्यांनी स्वतः बघितली.

४ ऑक्टो., बुधवार
डॉ.कडे. मांडीत जोर आलाय, त्यांनी शाबासकी दिली. गुडघा थोडा. घोट्यापासून खाली काही नाही. मी म्हटलं, "मांडी धाकट्याची होती, ती आली. पाऊल थोरल्याचं का?"

हसले नाहीत. "असं वाटून नाही देता येत हो. पोलिओतही थोडं परत येतं."

म्हणजे मांडी आली त्याचाही काही अर्थ नाही. त्यांनी हे सांगायलाच हवं होतं का? दिवसभर मनातल्या मनात भांडले त्यांच्याशी.

२५ ऑक्टो., बुधवार
डॉ. म्हणतात कॅलिपर घ्या. लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. त्यावर ती उभी राहील, चालेलही.

मी नको म्हटलं. अजून थोडं थांबू. पाऊल येईल.

हे घरी येऊन चिडले. "आणि ती काय बसून राहील तोवर? ढुंगणावर सरकते घरभर, दिसत नाही तुला?"

दिसतं. मलाच दिसतं दिवसभर. पण लोखंड चढवलं की थोरला जिंकला, असं मला वाटतं. हे कुठे बोलू? ह्यांना म्हटलं तर म्हणतील, पुन्हा पोरकटपणा. मी तिचं पळणं विसरत चाललेय. आधी डावा टाकायची की उजवा? आज कितीदा तरी आठवून बघितलं. आठवत नाही.

२८ ऑक्टो., शनिवार
शेवटी ह्यांचं ऐकलं, मार्केटजवळ पट्टे-बूट करणाऱ्याकडे गेलो. दवाखान्याने पत्ता दिला होता. म्हातारा मुसलमान आहे, हात काळे, बोलणं गोड. कुमीला बाकावर उभं केलं, तिने माझे खांदे धरले. त्याने खाकी कागदावर दोन्ही पावलांची रेघ काढली. डाव्याची काढताना पेन्सिल जरा सावकाश नेली. पाऊल कागदावर गप पडून होतं.

"बाई, क्या देखरईं?" त्याने विचारलं. मी अंगठ्याकडे बघत होते, हलतो का. सगळा वेळ.

हे बाहेर बसची चौकशी करायला गेले. तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "माप लो. मगर चमडा सोमवार तक मत काटो."

मला वाटलं, का म्हणून विचारेल. त्याने मापाची फीत गुंडाळली. "सब माँवां यहीच बोलते, अम्मा. मैं मंगल कोच काटता."

आज शनिवार. मध्ये अख्खा रविवार आहे, सोमवारही.